सिकंदर बेगम आणि तीस लाखांचा हिशोब

भोपाळात एक जुनी म्हण आहे. तिचा मथितार्थ असा, की तलाव म्हणावा तर भोपाळचाच, बाकीची सगळी डबकी. आणि राणी म्हणावी तर कमलापती, बाकीच्या सगळ्या नावापुरत्या. २०२१ मध्ये तिथल्या हबीबगंज स्टेशनला राणी कमलापतीचं नाव दिलं गेलं आणि म्हणीवर सरकारी शिक्काच बसला. कमलापती गोंड राणी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्याविषयी तक्रार नाही. पण तिच्यानंतर शंभरेक वर्षांनी, त्याच तलावाच्या काठावरून चार बायकांनी एकीमागून एक राज्य केलं. आईनंतर मुलगी, तिच्यानंतर तिची मुलगी आणि मग तिचीही मुलगी. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली सात वर्षं सोडली तर भोपाळची गादी बायकांच्या हाती होती. म्हणीला त्या चौघींचा पत्ता नाही.

या चौघींतली दुसरी म्हणजे सिकंदर बेगम. तिच्याविषयी लिहायला बसलं की आधी घोडा समोर येतो. ती घोडदौडीत तरबेज होती, भाला आणि तलवार चालवायची, वाघाच्या शिकारीला जायची, पडदा पाळत नव्हती. हे सगळं खरं आहे आणि रंगवून सांगण्याजोगंही आहे. पण घोड्यावर बसणाऱ्या बायका मराठी वाचकाला नव्या नाहीत. सिकंदर बेगमेची खरी करामत फडात दिसते, जमाखर्चाच्या वहीत आणि इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाला लिहिलेल्या पत्रात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थानात गादी टिकवायची तर तलवारीपेक्षा कागद पक्का लागतो, हे भल्याभल्या सरदारांना उशिरा कळलं. तिला ते वेळेत कळलं.

भोपाळचं राज्य मुळात पठाणांचं. तिराहच्या डोंगराळ मुलखातून नशीब काढायला आलेल्या दोस्त मोहम्मद खानाने औरंगजेबानंतरच्या धामधुमीत माळव्यात आपला जम बसवला. त्याच्याबरोबर आणि त्याच्यामागून आलेली भाऊबंदकी, म्हणजे तिथल्या भाषेत बिरादरी, जहागिरी घेऊन आजूबाजूला स्थिरावली. आम्हीही तलवार गाजवलीय, मग गादीवर आमचा हक्क कमी कसा, हा प्रश्न प्रत्येक जहागीरदाराच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या जागा राहिला. बाहेरून मराठ्यांचा दाब होता. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला कोंडलं ते याच भोपाळजवळ, आणि पुढच्या महिन्यात दोराहा इथे तह झाला, हे आपण शाळेत शिकतो. १८१२-१३ चा वेढा मात्र आपल्या पुस्तकांत सहसा नसतो. ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरकर भोसले या दोघांच्या फौजा तेव्हा मिळून भोपाळवर आल्या. वझीर मोहम्मद खानाने महिनोन्‌महिने शहर लढवलं आणि वाचवलं. त्याचा मुलगा नजर मोहम्मद खान याने १८१८ मध्ये इंग्रजांशी तह केला: राज्याचं रक्षण कंपनीने करायचं, बदल्यात भोपाळने सहाशे स्वार आणि चारशे पायदळ पुरवायचं. सिकंदर ही या नजर मोहम्मदाची एकुलती एक मुलगी.

तहाची शाई वाळून फार दिवस झाले नव्हते. नोव्हेंबर १८१९. भोपाळपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या इस्लामनगरच्या वाड्यात (२०२३ मध्ये या गावाला जगदीशपूर हे जुनं नाव परत मिळालं) तरुण नवाब घरच्या माणसांत निवांत बसला होता. त्याचा मेहुणा फौजदार मोहम्मद हा आठ वर्षांचा पोर. त्याने नवाबाचं पिस्तूल खेळायला उचललं आणि ते उडालं. नवाब जागीच गेला.

हा फौजदार लक्षात ठेवायचा. तो पुढे दोनदा येणार आहे.

मागे राहिली एकोणीस वर्षांच्या आतबाहेरची विधवा गोहर बेगम आणि चालायला नुकतीच शिकत असलेली मुलगी. बिरादरीतले इच्छुक दाराशी उभेच होते. पण गोहर बेगमेने, म्हणजे इतिहासातल्या कुदसिया बेगमेने, भर शोकसभेत जाहीर केलं की गादीची वारस माझी मुलगी, आणि ती मोठी होईपर्यंत कारभार मी बघेन. काजी-मुफ्तींनी मान डोलावली, इंग्रजांनीही हरकत घेतली नाही. मात्र एक पाचर मारून ठेवली होती: मुलीचं लग्न झालं की तिचा नवरा नवाब होईल. म्हणजे गादी मुलीची, पण बसणार जावई. तो जावई बिरादरीतलाच असणार, हेही ठरलेलं. योगायोग असा, की त्याच १८१९ साली लंडनमध्ये आणखी एका मुलीचा जन्म झाला होता. व्हिक्टोरिया तिचं नाव. तिच्या नवऱ्याला मात्र पुढे कुणी राजा केलं नाही.

कुदसियाने मुलीला मुलासारखं वाढवलं. लिहिणं-वाचणं, हिशोब, घोडा, हत्यार. लग्न जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. आधी ठरलेला वर मुनीर मोहम्मद याच्याशी बिनसलं, मग त्याचा धाकटा भाऊ जहांगीर मोहम्मद पुढे आला आणि १८३५ मध्ये लग्न लागलं. पण लग्न झाल्यावरही सासूबाई कारभार सोडेनात. जावई चिडला, फौजा जमल्या, आष्ट्याला लढाई झाली. शेवटी १८३७ मध्ये इंग्रजांनी जहांगीरला नवाब केलं आणि कुदसिया जहागीर घेऊन इस्लामनगरला गेली.

संसार कसा होता ते एका प्रसंगावरून कळतं. सिकंदर गरोदर असताना जहांगीरने तिच्यावर तलवार चालवली. ती वाचली, उठली आणि आईकडे निघून गेली. १८३८ मध्ये तिथेच तिला मुलगी झाली, शाहजहान. पुढची सहा वर्षं मायलेकी-नात इस्लामनगरच्या वाड्यात, आणि नवाब भोपाळात. तलावापलीकडे त्याने वसवलेला जहांगीराबाद हा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. १८४४ च्या अखेरीस तो ऐन तारुण्यात वारला. जाताना दासीपुत्राच्या नावे मृत्युपत्र करून गेला होता. इंग्रजांनी ते मानलं नाही, सहा वर्षांच्या शाहजहानला वारस ठरवलं.

आता कारभार कुणी बघायचा? सिकंदरला वाटलं, अर्थात आपण. इंग्रजांनी नेमला तो तिचा मामा, फौजदार मोहम्मद खान. पिस्तूलवाला तोच. बापाचा जीव ज्याच्या हातून गेला, त्याच्या हाताखाली मुलीच्या राज्याचा कारभार चाललेला बघायची पाळी सिकंदरवर आली. तिने यावर कसं उत्तर काढलं ते बघण्याजोगं आहे. बंड केलं नाही, सैन्य जमवलं नाही. मामाच्या कारभारातल्या चुका, थकबाक्या, भानगडी दिसतील तशा एजंटापुढे मांडत राहिली. तीन वर्षांच्या आत मामा पायउतार झाला आणि १८४७ मध्ये एकटीच्या नावाने कारभारीपदाची सूत्रं तिच्याकडे आली. तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती.

राज्याची अवस्था काय होती? सुमारे तीस लाख रुपयांचं कर्ज. तीस लाख तेव्हाचे! आणि ते फेडायला उत्पन्न यायचं कुठून, तर जमिनीतून, जे वाटेत निम्मं गळत होतं. गळती कशी व्हायची हे समजून घ्यायला हवं, कारण बेगमेचं सगळं राजकारण या एका भोकाभोवती फिरतं.

पद्धत इजाऱ्याची होती. परगण्याचा वसूल दरबार स्वतः करत नसे, मक्त्याने देत असे. समजा एका परगण्यातून सालाला पन्नास हजार यायला हवेत. दरबाराला रोकड आज हवी असते. एखादा जहागीरदार किंवा सावकार पुढे येतो, चाळीस हजार उचलून देतो आणि वसुलीचा हक्क घेतो. मग तो परगण्यात जाऊन पंचावन्न काढतो की सत्तर, हे कोण विचारणार? पाऊस पडो न पडो, त्याला आपले चाळीस आणि वर नफा सुटायला हवा. पुढच्या साली मक्ता आपल्याकडे राहील याची खात्री नसते, त्यामुळे विहीर दुरुस्त करणं, पडीक जमीन लागवडीखाली आणणं या भानगडीत तो पडत नाही. ऊस मुळासकट खायचा आणि उठायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावाने विकल्या जात तेव्हा पुण्याच्या मुलखाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. भोपाळची कहाणी वेगळी नव्हती. फक्त इथले मक्तेदार बरेचदा गादीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंदच असत. म्हणजे राज्याचाच पैसा राज्याविरुद्धच्या कटाला कामी येत असे.

सिकंदरने इजारा मोडला. मधला माणूस काढून गावच्या मुखत्यारांशी थेट करार करायला सुरुवात केली. त्यासाठी आधी जमीन किती आणि कशी हे कळायला हवं, म्हणून मोजणी केली. राज्याचे तीन जिल्हे पाडले, त्यांचे एकवीस परगणे केले आणि वसुलीचा अधिकारी वेगळा नि बंदोबस्ताचा अधिकारी वेगळा नेमला. हे वेगळेपण महत्त्वाचं. जो सारा गोळा करतो त्याच्याच हाती कोठडीची किल्ली असली तर रयत तक्रार घेऊन जाणार कुठे? व्यापारातले आणि कारागिरीतले मक्ते उठवले. टांकसाळ दरबाराच्या ताब्यात आणली. पोलीस आणि फौज यांची घडी नव्याने बसवली. जाणत्या आणि मानाच्या लोकांची एक मजलिस नेमली, कायदेकानू तिच्यापुढे यायचे. आणि हे सगळं भोपाळात बसून नाही. ती दौऱ्यावर असायची, परगण्यात तळ ठोकून दप्तर बघायची. वही तपासायला खुद्द सरकार येणार म्हटल्यावर कारकुनाची काय अवस्था होत असेल, ते कुठल्याही तलाठी कचेरीत तपासणीच्या आदल्या दिवशी जाऊन बघावं.

कर्ज फिटलं. पै अन्‌ पै फिटलं.

इथे बिरादरीचं दुखणं सुरू झालं. मोजणीची साखळी ज्याच्या जहागिरीतून जाते, त्याच्या घराण्याच्या वतनाला जमिनीचा आकडा चिकटतो. आणि आकडा एकदा वहीत आला की प्रौढीला मर्यादा येतात. बेगमेने भाऊबंदांशी तलवारीने भांडण केलं नाही, त्यांना वहीत आणलं. लंडनमध्ये त्याच काळात डर्बी आणि पामर्स्टन हे वडिलोपार्जित जमीनजुमल्यावर पोसलेले लॉर्ड आलटून पालटून पंतप्रधान होत होते. त्यांना पार्लमेंटात मतं मोजावी लागत. सिकंदरला मतदार एकच होता, सिहोरला बसणारा पोलिटिकल एजंट. पण त्या एका मताची मनधरणी सोपी नव्हती, कारण एजंट बदलत राहायचे आणि प्रत्येकाचा तऱ्हेवाईकपणा वेगळा. एक उदाहरण सांगतो. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे जोसेफ कनिंगहॅम नावाचा एजंट होता. त्याने फावल्या वेळात शिखांचा इतिहास लिहिला, त्यात शिखांशी इंग्रज कसे वागले ते जरा जास्तच खरं लिहिलं, आणि सरकारने त्याचं एजंटपद काढून घेतलं. खरं लिहिण्यावरून साहेबाचीही गय होत नाही, हा धडा सिहोरहून भोपाळला पोचायला घोड्याला एक दिवसही लागला नसेल.

याच जोसेफचा भाऊ अलेक्झांडर कनिंगहॅम. १८५१ मध्ये त्याने सांचीचे स्तूप उकरले. सांची भोपाळच्या राज्यात. त्यातून एक नाट्य सुरू झालं, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता कठीण भाग. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने चाळीस वर्षांपूर्वी भोपाळला वेढा घातला होता, त्यांचं राज्यच नकाशावरून पुसलं गेलं. कारण सगळीकडे एकच: औरस मुलगा नाही. भोपाळात तर दोन पिढ्या मुलगाच नव्हता! सिकंदरने याच वर्षांत हा मुद्दा सोडवून घेतला. १८५५ मध्ये शाहजहानचं लग्न ठरवताना तिने दोन गोष्टी पाहिल्या. जावई गादीच्या दावेदारांपैकी नको, म्हणून सेनेतला अधिकारी बाकी मोहम्मद खान निवडला. आणि इंग्रजांकडून कबूल करून घेतलं की जावयाला नवाबीचा मान मिळेल, राज्य मिळणार नाही, ते शाहजहानचंच. आईच्या कपाळी आणि आपल्या कपाळी जी पाचर आली होती ती तिने मुलीच्या बाबतीत काढून टाकली. कागदावर, सहीनिशी.

मग १८५७ आलं.

१ जुलैला इंदूरची रेसिडेन्सी पडली. कर्नल ड्युरंड, जो पूर्वी भोपाळचा एजंट होता, उरलेल्यांना घेऊन सिहोरला आला. बेगमेने आसरा दिला, पण हेही कळवलं की भोपाळात तुम्हाला फार काळ सांभाळणं मला झेपणार नाही. आणि त्यांना होशंगाबादच्या वाटेला लावलं. सिहोरची छावणी तिच्या हवाली करून गोरे अधिकारी निघून गेले. छावणीतली पलटण तीच, १८१८ च्या तहातली, भोपाळच्या पैशावर पोसलेली. ऑगस्टमध्ये ती उठली. वलीशाह आणि महावीर कोठ यांनी सिहोरात स्वतःचं सरकार उभं केलं. त्याचं नाव सिपाही बहादूर. त्याचे झेंडे दोन, निशान-ए-मुहम्मदी आणि निशान-ए-महावीरी, शेजारी शेजारी लावलेले. गढी अंबापानीचे जहागीरदार फाजिल मोहम्मद आणि आदिल मोहम्मद हेही उठले. ते तिच्याच पठाण बिरादरीतले. भोपाळ शहरात मशिदींतून वातावरण तापलं होतं, दरबारातही बंडाला सहानुभूती होती. बेगम ढळली नाही. शहरातली फौज हाताशी धरली, चिथावणीचे कागद फिरू दिले नाहीत आणि इंग्रजांची बाजू सोडली नाही.

१८५८ च्या जानेवारीत सर ह्यू रोज सिहोरला आला. शंभराहून अधिक शिपायांना तिथे गोळ्या घालून मारलं. १४ जानेवारीला सिहोरात आजही लोक त्यांच्या स्मृतीला फुलं वाहतात. फाजिल मोहम्मदाला राहतगडच्या किल्ल्यावर फाशी दिलं. तिथून रोजची फौज सागर शहरावरून झाशीवर गेली. तिच्यासाठी धान्य आणि बैल पुरवणाऱ्यांत भोपाळचा दरबार होता.

इथे मराठी वाचकाचा घास अडतो, आणि अडायला हवा. झाशीच्या राणीचा पराभव आपल्या घरचा आहे. ज्या फौजेने झाशी घेतली तिची शिदोरी सिकंदर बेगमेने बांधून दिली, हे गोड करून सांगता येत नाही. काही भोपाळकर लेखक सांगतात की तिला दुसरा मार्गच नव्हता, इंग्रज जिंकणार हे तिने ओळखलं होतं. ओळखलं असेलही. पण मला वाटतं, तिने आणखी एक गोष्ट पाहिली. बंड जिंकलं असतं तर भोपाळात गादीवर कोण आलं असतं? मुघल बादशहा लांब दिल्लीत. इथे आले असते ते अंबापानीचे भाऊबंद, ज्यांना तिने दहा वर्षं खर्चून वहीत आणलं होतं. लक्ष्मीबाईचं राज्य इंग्रजांनी घेतलं होतं, म्हणून ती लढली. सिकंदरचं राज्य भाऊबंद घेणार होते, म्हणून ती इंग्रजांकडे राहिली. दोघी आपापल्या गादीसाठीच उभ्या होत्या. त्यातून कुणाला निर्दोष ठरवायचं कारण नाही. सिहोरच्या शिपायांना या हिशोबात काहीच मिळालं नाही.

बेगमेने मात्र आपली वसुली चोख केली. आजवर ती कारभारी होती, मुलगी गादीची मालकीण. १८५८ च्या जाहीरनाम्यानंतर हिंदुस्थानच्या डोक्यावर एक बाई राज्य करत होती, आणि बाईला राज्य झेपत नाही असं म्हणायची सोय साहेबाला उरली नव्हती. सिकंदरने आपल्या स्वतःच्या नावाने गादी मागितली. इंग्रजांनी मान्य केलं, शाहजहानने आईसाठी बाजूला होऊन युवराज्ञीपद घेतलं आणि १८६० पासून सिकंदर बेगम नुसती कारभारी न राहता राज्यकर्ती झाली. बक्षिसात बैरसिया परगणा मिळाला. तो कुणाचा होता? धारच्या पवारांचा. सत्तावन्नच्या बंडावरून इंग्रजांनी धार जप्त केलं होतं. १८६० मध्ये ते आनंदराव पवारांना परत दिलं, पण बैरसिया वगळून.

१ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादेत दरबार भरला. नव्याने काढलेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाची पहिली खैरात व्हाइसरॉय कॅनिंगच्या हातून होती. मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, पतियाळाचे महाराज, रामपूरचे नवाब आणि भोपाळची बेगम. शिंद्यांच्या फौजेने तिच्या आजोबांचं शहर वेढलं होतं त्याला तेव्हा पन्नास वर्षंही झाली नव्हती. आता दोन्ही घराणी एकाच रांगेत, फिक्या निळ्या झग्यात. ब्रिटिश साम्राज्यात खुद्द राणी व्हिक्टोरिया सोडली तर नाइटपदाचा असा मान असलेली ती एकटीच बाई होती.

पुढच्या वर्षी वॉटरहाउस नावाचा तरुण लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन भोपाळला आला. त्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. बेगमेने मायलेकींच्या अनेक तसबिरी काढून घेतल्या, वेगवेगळ्या पोशाखांत. छातीवर तारा, अंगात अंगासरसा कोट, खाली चुडीदार. तोंडावर हसू नाही. तेव्हा कॅमेऱ्यापुढे बराच वेळ न हलता बसावं लागे, हे एक कारण. पण मान किंचित वर आणि नजर थेट भिंगात, हे काही कॅमेऱ्याने शिकवलेलं नव्हतं. १८६७ मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले यानेही तिचं वर्णन केलं, त्यालाही तिच्या मर्दानी बाण्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. पाहुण्यांना घोडा दिसतो, वही दिसत नाही.

हज यात्रेचा प्रसंग तर थेट वहीचाच आहे. १८६३ च्या अखेरीस ती मक्केला निघाली. मुंबईहून जहाज, बरोबर सुमारे हजार माणसं. आई कुदसिया होती. आणि आणखी एक जण होता: मामा फौजदार मोहम्मद खान. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो पोर, मधल्या काळातला प्रतिस्पर्धी, आता पन्नाशी ओलांडून भाचीच्या काफिल्यात यात्रेकरू. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल, कोण जाणे. कुटुंबं अशीच चालतात.

या यात्रेचा वृत्तान्त तिने ड्युरंडच्या आग्रहावरून उर्दूत लिहिला. तिच्या मृत्यूनंतर, १८७० मध्ये, लंडनमध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. भाषांतर करणाऱ्या बाई भोपाळच्या तेव्हाच्या पोलिटिकल एजंटाच्या पत्नी. यात्रावर्णन म्हटलं की आपण भक्तिरसाची अपेक्षा करतो. बेगम श्रद्धावान होतीच, पण तिचा डोळा कारभाऱ्याचा. जेद्द्याला जकातनाक्यावर सामान कसं उलगडलं, कुणी किती उकळलं, रस्ते किती घाण, बंदोबस्त किती ढिला, हे ती नोंदवत जाते. एका जागी ती हिशोब मांडते: तुर्कस्तानचा सुलतान मक्का-मदिनेच्या व्यवस्थेसाठी सालाला तीस लाख रुपये देतो, तरी शहरात ना स्वच्छता ना शिस्त, तेवढी रक्कम आणि कारभार माझ्या हाती असता तर मी सगळं सुरळीत करून दाखवलं असतं. तीस लाख. भोपाळचं कर्जही तेवढंच होतं. पवित्र नगरीत उभी राहून ही बाई मनातल्या मनात मक्केचे परगणे पाडत होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

परतल्यावर चार-साडेचार वर्षं मिळाली. फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची भाषा तिने आधीच, १८६२ मध्ये, केली होती. जिल्ह्याजिल्ह्यात उर्दू-हिंदी शाळा निघाल्या. संगमरवरी दर्शनी भागाची आणि काळपट लाल मिनारांची मोती मशीद तिच्याच कारकिर्दीतली. नात सुलतान जहानला ती स्वतःजवळ ठेवून कारभाराचं शिक्षण देत होती. ३० ऑक्टोबर १८६८ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ती गेली. वय पन्नासच्या आसपास. फरहत अफझा बागेत तिला पुरलं. आई कुदसिया तिच्यामागे आणखी तेरा वर्षं जगली.

आता सांची. १८५३ मध्ये बेगमेने देऊ केलं की स्तूपाचं तोरणद्वार राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून लंडनला न्यावं. दोन हजार वर्षांचा दगड. पण बेगमेच्या दृष्टीने ती टेकडीवरची पडकी वास्तू होती आणि राज्यं खालसा होण्याच्या दिवसांत महाराणीची मर्जी जास्त मोलाची. एवढा बोजा बैलगाड्यांवरून समुद्रापर्यंत न्यायचा कसा, हा घोळ चालू असतानाच सत्तावन्न उजाडलं आणि बेत मागे पडला. १८६८ मध्ये, मरणाच्या वर्षी, तिने पुन्हा देऊ केलं. या खेपेला साहेबाचंच मत बदललं होतं; वास्तू जागच्या जागी जपावी असं ठरलं आणि पूर्वेकडच्या तोरणाचा प्लास्टरचा ठसा काढायचं काम हेन्री कोल या अधिकाऱ्याकडे सोपवलं. १८६९-७० च्या सुमारास तुकड्यातुकड्यांनी ठसे घेतले गेले, लंडनला गेले, तिथे जोडून संग्रहालयात तोरण उभं राहिलं. त्याच्या प्रती युरोपात इतरत्रही पोचल्या. बर्लिनला पोचलेल्या प्रतीवरून अलीकडे दगडात नवं तोरण घडवलं आणि २०२२ च्या डिसेंबरात ते तिथल्या हुंबोल्ट फोरमसमोर उभं राहिलं.

मूळ तोरण सांचीच्या टेकडीवर आहे. भोपाळहून बीन्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं तर अर्ध्या-पाऊण तासात खिडकीतून स्तूप दिसतो.